पवनीचा महाक्षत्रप कुणाच्या घरातला?

वैनगंगेच्या काठची पवनी आज ओळखली जाते ती देवळांसाठी. विदर्भाची काशी असं तिला म्हणतात. जुन्या गावाला वळसा घालणारा मातीचा तट आणि त्याबाहेरचा खंदक मात्र या देवळांपेक्षा कितीतरी आधीचे आहेत. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली, इथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला. खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावं निघाली. मुचलिंद नागाचं शिल्प निघालं, तेही नावासकट. पवनीच्या जुन्या रहिवाशांना दगडावर नाव घालण्याची हौस होती असंच म्हणायला हवं. अशा या गावात एक वेगळाच खांब सापडला. तो स्तूपाच्या दानाचा नव्हता, एका मेलेल्या माणसाच्या आठवणीचा होता. त्यावरचा प्राकृत लेख जेमतेम ओळीभराचा. ‘महाखत्तव कुमार रूपिअम्म’ याचा हा ‘छायाखंभ’, एवढाच त्याचा मजकूर. महाखत्तव म्हणजे महाक्षत्रप, अर्थात मोठा प्रांताधिपती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा लेख संपादून प्रसिद्ध केला. लिपीच्या वळणावरून तो साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ठरतो. राजाचं नाव नाही, वर्ष नाही, बापाचं नाव नाही. आणि तरीही या रूपिअम्माच्या घराविषयी बरंच काही खात्रीनं बोलता येतं, असं माझं म्हणणं आहे. तो पिढीजात सुभेदारी करणाऱ्या घरातला होता. त्या घराची मुळं देशाच्या वायव्य सीमेपलीकडची होती. आणि खांब उभा राहिला तोवर हे घर इथल्या चालीरीतींत चांगलंच मुरलं होतं.

परक्या मुलखातून आलेला माणूस दुसऱ्याच देशात प्रांताचा कारभारी होतो, ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. सतराव्या शतकात तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात स्कॉटलंडचे हजारो शिपाईगडी स्वीडनच्या सैन्यात गेले. त्यांतला रॉबर्ट डग्लस १६११ साली जन्मला, स्वीडनच्या चाकरीत काउंट झाला, पुढे फील्ड मार्शल झाला. त्याच घराण्यातला लुडविग डग्लस विसाव्या शतकाच्या आरंभी उप्साला प्रांताचा गव्हर्नर होता. या माणसांचं कुळ शोधायला आज फारसे कष्ट पडत नाहीत. स्वीडनमध्ये सरदार घराण्यांच्या नोंदींची स्वतंत्र संस्था होती आणि तिथे मान मिळवायचा तर स्कॉटलंडमधून आपल्या जन्माचा, आईबापांच्या कुळाचा दाखला आणावा लागे. दाखला हवा होता म्हणून तो लिहिला गेला, आणि लिहिला गेला म्हणून टिकला. आपल्याकडच्या क्षत्रपांना असा दाखला कुणी मागितला नाही. त्यामुळे त्यांच्या कुळाची माहिती आपल्याला मिळते ती दानलेखांतून, नाण्यांवरून आणि स्मारकांतून, म्हणजे भलत्याच कामासाठी लिहिलेल्या मजकुरातून. ती वाचताना जे लिहिलं आहे त्याइतकंच जे लिहिलेलं नाही त्याच्याकडेही बघावं लागतं.

आधी पदवीकडे पाहू. क्षत्रप ही मूळची इराणी पदवी. हखामनी सम्राटांचे प्रांताधिकारी ती लावत. ग्रीकांनी तीच आपल्या उच्चारात घेतली. भारतात ती शकांबरोबर रुजली आणि इथे तिला वेगळंच वळण लागलं: नेमणुकीचं पद घराण्याची मालमत्ता झालं. मथुरेत राजुवुल महाक्षत्रप होता आणि त्याचा मुलगा शोडास आधी क्षत्रप, मग महाक्षत्रप झाला. गुजरात-माळव्यातल्या पश्चिम क्षत्रपांनी तर याची रीतच करून टाकली. बाप महाक्षत्रप, वारस क्षत्रप, आणि दोघांची नाणी एकाच वेळी चालू. त्या इवल्याशा चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याभोवतीची ग्रीक अक्षरं हळूहळू बिघडत जाऊन नुसती नक्षी उरते. उलट बाजूची ब्राह्मी ओळ मात्र नीट वाचता येते आणि तीत न चुकता बापाचं नाव असतं, अमुक महाक्षत्रपाचा पुत्र अमुक. नाण्यावर बापाचं नाव घालणं ही त्या काळच्या इतर राजवटींत सार्वत्रिक रीत नव्हती. सातवाहन आईच्या गोत्रावरून गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेत. क्षत्रप बापाचं नाव पदवीसकट सांगत. त्यांच्या दृष्टीनं बापाची पदवी हाच आपल्या हक्काचा पुरावा होता.

आता पवनीच्या लेखातला ‘कुमार’ घ्या. तो दोन तऱ्हांनी लावता येतो. महाक्षत्रपाचा कुमार, म्हणजे मुलगा, असलेला रूपिअम्म. किंवा महाक्षत्रप कुमार रूपिअम्म, म्हणजे स्वतः महाक्षत्रप असलेला राजपुत्र. व्याकरणाच्या अंगानं दोन्ही चालतात आणि यावर वाद घालत बसायला जागा आहे. पण घराचा शोध घेताना हा वाद आडवा येत नाही. महाक्षत्रप हे अधिकाराचं पद आहे, कुमारपण मात्र जन्मानं येतं. पहिल्या वाचनात बाप महाक्षत्रप ठरतो. दुसऱ्यात, एवढं मोठं पद हाती असूनही त्याला कुमार म्हणणं कुणाला तरी गरजेचं वाटलं. म्हणजे तो कुणाचा मुलगा, हे त्याच्या अधिकाराइतकंच मोलाचं होतं. दोन्ही वाटांनी आपण सत्ता वारशानं चालवणाऱ्या घराशीच पोहोचतो. क्षत्रपांच्या घरात राजपुत्रपणाचा असा थाट असे याला मथुरेचाच दाखला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींना १८६९ मध्ये मथुरेत शीतलेच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांत बसवलेला एक सिंहशीर्ष दगड मिळाला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरच्या खरोष्ठी लेखात राजुवुलाच्या घरातली राणी बुद्धाच्या अवशेषांची स्थापना करते आणि पुण्याच्या वाटणीत आई, आजी, भाऊ, मुलगी अशा सगळ्यांना ओढून घेते. तिथेच खरओस्त याला युवराज म्हटलं आहे. नावानं सुभेदार असलेल्या माणसांच्या घरात युवराज होते, राण्या होत्या. पवनीचा कुमार त्या चौकटीत सहज बसतो.

यावर एक रास्त शंका निघते. पदवी म्हणजे रक्त नव्हे. महाक्षत्रप म्हणवणारा प्रत्येक जण शक होता असं कुठे आहे? खरंच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास ईश्वरदत्त नावाच्या राजानं महाक्षत्रप म्हणून नाणी पाडली आणि त्याला आभीर मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. पदव्यांची उचलेगिरी सगळ्याच काळात चालते. म्हणून पदवीवरून एवढंच म्हणावं की हे घर त्या राज्यपद्धतीत वाढलेलं होतं. कुळाकडे जायचं तर नावाची साक्ष काढायला हवी. रूपिअम्म हे नाव कसं आहे? त्यातला ‘रूपि’ प्राकृताच्या कानाला ओळखीचा वाटतो आणि शेवटचा ‘अम्म’ दक्षिणेकडच्या नावांची आठवण करून देतो. त्यावरून कुणी त्याला इथलाच ठरवू पाहील. पण प्राकृत लिहिणारा कारागीर परकं नाव आपल्या जिभेला सोपं करूनच कोरणार, हे विसरून चालणार नाही. जुन्नरला मानमोडीच्या डोंगरातल्या लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम भेटतो. नाव ऐकून तो परका वाटावा, पण लेख त्याचं गोत्र वत्स असल्याचं सांगतो. एकट्या नावावरून कुळ ठरवायला गेलं की अयमाजवळ आपली गाडी अडते.

म्हणून एकट्या नावापेक्षा नावांची माळ बघणं चांगलं. नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, नाशिकच्या पांडवलेण्यांत आपल्या दानांची यादी देतो: तीन लाख गाई, देवाब्राह्मणांना सोळा गावं, नद्यांवर फुकट नावा. वाचताना वाटावं की हा कुणी परमधार्मिक वैदिक गृहस्थ. पण तो स्वतःला शक म्हणवतो आणि बापाचं नाव सांगतो दिनीक. त्याची बायको, नहपानाची मुलगी, दक्षमित्रा. आणि कार्ल्याच्या चैत्यात एका खांबावर मित्रदेवणक हे उषवदाताच्या मुलाचं नाव आहे. आजा दिनीक, बाप ऋषभदत्त, नातू मित्रदेवणक. दुसऱ्या घराण्यातही तेच. कच्छमधल्या अंधौच्या लेखांत चष्टनाच्या बापाचं नाव य्समोतिक असं आहे. नुसतं लिहायलाच ब्राह्मीची त्रेधा उडालेली दिसते, कारण या उच्चारासाठी तिच्यात अक्षरच नव्हतं. त्याचा मुलगा चष्टन, नातू जयदामन, पणतू रुद्रदामन. तीन-चार पिढ्यांत नाव मध्य आशियातून निघून शिवालयाच्या दारात येतं. मधल्या पिढीची नावं दोन्हीकडची वाटतात, आणि रूपिअम्म हे नाव मला त्या मधल्या पायरीवरचं दिसतं. रुद्रसिंह किंवा विजयसेन असं पूर्ण संस्कृत वळण त्यानं घेतलेलं नाही आणि य्समोतिकाइतकं ते अवघडही राहिलेलं नाही. असं नाव असलेल्या माणसाच्या बापाचं नाव याहून परकं असण्याचीच शक्यता जास्त. लेखात ते आलं असतं तर कदाचित कोरणाऱ्याला तेवढीच अडचण झाली असती.

तिसरी साक्ष स्मारकाच्या प्रकाराची आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत वजनदार. पश्चिम क्षत्रपांच्या मुलखात मेलेल्या माणसासाठी दगड उभारत, त्याला ‘लष्टी’ म्हणत. अंधौचे लेख अशा लष्टींवरचेच आहेत; शक ५२, म्हणजे इसवी सन १३०, मधले. पवनीच्या खांबाला मात्र छायाखंभ म्हटलं आहे, आणि ही भाषा आपल्याला कृष्णेच्या खोऱ्यात, नागार्जुनकोंड्याला भेटते. तिथे इक्ष्वाकू राजांच्या काळात सेनापती, सैनिक, कारागीर अशा नाना तऱ्हेच्या लोकांचे छायास्तंभ उभे राहिले. खुद्द राजा शांतमूल याच्या स्तंभावर त्याच्या आया, बहिणी, राण्या यांचा उल्लेख आहे. काळानं हे स्तंभ पवनीच्या नंतरचे. पण रीत पूर्व दख्खनच्या पट्ट्यातली, हे त्यांवरून दिसतं. वैनगंगेचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं, आणि पवनीचे लागेबांधे त्या दिशेला असले तर त्यात नवल नाही. याचा अर्थ असा की रूपिअम्माच्या माणसांनी त्याची आठवण ठेवताना गुजरात-कच्छकडची रीत उचलली नाही. आपण राहतो त्या भागातली उचलली. पदवी वायव्येकडची, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, स्मारक दक्षिणी. पाहुण्या फौजेला एवढं करायला सवड नसते.

फौजेचा मुद्दा काढला, तर मुख्य आक्षेपही इथेच घ्यायला हवा. लढाईत पडलेल्या वीराचा दगड पडल्या जागी उभा करतात. रूपिअम्म एखाद्या मोहिमेवर आला असेल, पवनीत मेला असेल, बरोबरच्यांनी खांब रोवला असेल आणि पुढे कूच केलं असेल. मग त्याच्या घराचा पवनीशी काय संबंध? आक्षेप सोपा नाही. त्याच्या बाजूनं भक्कम पुरावेही आहेत. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, जी कीर्ती कोरून ठेवली आहे तिच्यात त्यानं शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश उखडला असं म्हटलं आहे, आणि त्याच्या राज्यातल्या देशांत विदर्भाचं नाव आहे. जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला होता, तेव्हा ही नुसती आईची कौतुकं नव्हेत. वऱ्हाडात तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहन नाण्यांचा जो साठा मिळाला त्यात गौतमीपुत्रापासून शेवटच्या राजांपर्यंत नाणी आहेत. मग दुसऱ्या शतकात पवनीत महाक्षत्रप राहील कुठे?

उत्तर दोन बाजूंनी देता येतं. एक तर विदर्भ म्हटलं की आजचे नागपूर आणि अमरावती हे दोन्ही विभाग आपल्या डोळ्यांपुढे येतात, पण नाशिकच्या प्रशस्तीतल्या नावाची पूर्व हद्द कुठे होती हे ती सांगत नाही. तऱ्हाळ्याची नाणी मंगरूळपीरच्या बाजूची आहेत, पवनी नागपूरच्याही पुढे सुमारे ८० किलोमीटरवर. दुसरं, सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातलं चित्र एकदा जिंकलं आणि संपलं असं कधीच नव्हतं. गिरनारच्या पायथ्याशी शक ७२ च्या, म्हणजे इसवी सन १५० च्या, लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे समूळ उखडलं नाही. ते नातं कान्हेरीच्या लेखात उजेडात येतं: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक, म्हणजे चष्टन-रुद्रदामनाच्या, कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी होती. एका पिढीत उखडलेल्यांचे भाऊबंद दुसऱ्या पिढीत व्याही झाले. तऱ्हाळ्याच्या साठ्यात तर शक सातकर्णी असं नाव वाचलं गेलं आहे. सरहद्दी अशा सरकत असताना वैनगंगेकाठी एखादं क्षत्रपघर दोन पिढ्या टिकणं अशक्य मानायचं कारण नाही. शिवाय खांबावर लढाईचा उल्लेख नाही, आणि छायास्तंभ हा केवळ रणात पडलेल्यांचाच असे असंही नाही. नागार्जुनकोंड्याच्या कारागिरांनी काही तलवार गाजवली नव्हती.

उरतो धन्याचा प्रश्न. हे घर कुणाच्या वतीनं कारभार करत होतं? काही अभ्यासकांनी रूपिअम्माला कुषाणांचा सुभेदार मानून कुषाण साम्राज्याची दक्षिण हद्द पवनीपर्यंत खेचली आहे. त्यांच्या हाती सारनाथचा चांगला दाखला आहे. कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी भिक्षू बल यानं तिथे उभारलेल्या बोधिसत्त्वाच्या लेखात महाक्षत्रप खरपल्लान आणि क्षत्रप वनस्पर यांची नावं आहेत. म्हणजे कुषाणांचे महाक्षत्रप पार काशीपर्यंत होते. पण त्याच लेखात कनिष्काचं नाव आणि वर्ष आहे, हे लक्षात घ्यावं. गिरनारला रुद्रदामनानं नेमलेला सुविशाख भेटतो. तो पल्हव, कुलैपाचा मुलगा, आनर्त आणि सुराष्ट्राचा कारभारी. परक्या कुळातल्या प्रांताधिकाऱ्याची याहून नेटकी ओळख आपल्याकडे क्वचितच सापडेल: कुळ, बाप, प्रांत आणि धनी, सगळं एका दमात. त्याच लेखातून हेही कळतं की अशोकाच्या वेळी तिथे तुषास्फ नावाचा यवन अधिकारी होता. चाकरीतला माणूस धन्यासकट नोंदला जातो. अंधौच्या लष्टी तर साध्या रयतेच्या आहेत, एका भावानं बहिणीसाठी, भावासाठी उभारलेल्या. त्यांवरसुद्धा चष्टन आणि रुद्रदामन यांची नावं आहेत, वर्ष आहे. पवनीत महाक्षत्रपासारख्या पदाचा उल्लेख असून वर कुणाचंच नाव नाही. लेख त्रोटक आहे, मान्य. मौनाला फार ताणू नये हेही मान्य. तरी ज्यांनी खांब उभारला त्यांना आपल्या महाक्षत्रपाच्या वर कुणाला स्मरण्याची गरज वाटली नाही, एवढं तरी त्या मौनातून निघतंच. बापाचं नाव गाळण्याचं कारणही मला त्यातच दिसतं. पहिलं वाचन खरं असेल तर बघणाऱ्याला महाक्षत्रप म्हटलं की कोण ते माहीत होतं. त्या मुलखात एकच महाक्षत्रप असावा. कुषाणांशी त्या घराचं पूर्वी नातं असलं तरी खांबाच्या वेळी ते नावापुरतंही उरलेलं दिसत नाही.

या घराचं पुढे काय झालं, याकडे बोट दाखवणारी वस्तूही पवनीतच मिळाली आहे. पावलं कोरलेल्या एका शिळेवर भार कुळातल्या भगदत्त राजाचा लेख आहे. तोही मिराशींनीच वाचून प्रसिद्ध केला आणि भारांचं नातं पुढच्या भारशिव राजघराण्याशी जोडून पाहिलं. म्हणजे एकाच गावात, फार दूरच्या नसलेल्या काळात, एक महाक्षत्रपाचं घर आणि एक स्थानिक राजकुळ. दोघांपैकी कोण आधी, यावर मतं वेगळी होऊ शकतात. पण शकांची घरं मध्य भारतातून एका दिवसात नाहीशी झाली नाहीत, हे सांचीजवळच्या कानाखेड्याच्या लेखावरून कळतं. विहीर खोदवणारा तिथला महादंडनायक श्रीधरवर्मन् स्वतःला शक म्हणवतो, पण त्याचं नाव अस्सल संस्कृत आणि बापाचं नाव नंद. तोवर नावांत परकेपणाचा मागमूस राहिलेला नाही. शक हा शब्द तेवढा उरला आहे, आणि तोही तो अभिमानानं लावतो. रूपिअम्माच्या नातवंडांची नावं अशीच काहीतरी असतील. ती वैनगंगेच्या खोऱ्यातल्या एखाद्या दानलेखात आली, तर पदवी आणि कुळाचा उल्लेख नसताना ती शकांची म्हणून ओळखण्याचं कोणतंही साधन आपल्यापाशी नसेल.